हेल्मेट लपवायचे पैसे: ओल्ड रिपब्लिक फुकट झाला त्याची गोष्ट

नोव्हेंबर २०१२ मध्ये 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक' हा महिन्याच्या फीवर चालणारा ऑनलाइन गेम फुकट झाला. फुकट आहे म्हणून जे नवे लोक आत शिरले त्यांना थोड्याच वेळात एक गंमत कळली, की आपल्या पात्राच्या डोक्यावरचं हेल्मेट आवडत नसेल आणि ते दिसू नये असं वाटत असेल तर त्यासाठी पैसे लागतात. आता हे जरा डोक्यात घ्या. आठ क्लास म्हणजे पात्रांचे आठ प्रकार, आठ पूर्ण वेगळ्या कथा, प्रत्येक संवाद खऱ्या माणसाच्या आवाजात रेकॉर्ड केलेला, ते सगळं लेव्हल ५० म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत एक पैसा न देता, आणि सेटिंगमधली एक टिक मात्र विकत. बनवायला सगळ्यात महाग ते फुकट आणि बनवायला काहीच लागत नाही त्याला किंमत. वेडेपणा वाटतो, पण त्यामागे हिशोब होता, आणि तो हिशोब कळला की सबस्क्रिप्शनवरून फुकट झालेल्या बाकी ऑनलाइन रोलप्लेइंग गेमचं गणितही बरंचसं कळतं.

आधी पैसे कुठे गेले

गेम बनवला बायोवेअरच्या ऑस्टिन स्टुडिओने, पैसा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा म्हणजे ईएचा, आणि नाव ल्युकासआर्ट्सचं. लॉन्च २० डिसेंबर २०११. अमेरिकेतल्या एका मोठ्या वर्तमानपत्राने तेव्हा खर्चाचा अंदाज २० कोटी डॉलरच्या आसपास दिला होता, चार खंडांमधले मिळून ८०० च्या घरात लोक या गेमवर राबले होते, आणि संवादांच्या ओळी दोन लाखांच्या वर, ज्यासाठी गिनीज बुकात नोंद झाली.

दर महिन्याला १४.९९ डॉलर, गेमचा डबा आधी वेगळा विकत घ्यायचा, त्यात पहिले ३० दिवस धरलेले. हा दर कोणी नव्याने ठरवला नव्हता, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चा तोच होता आणि त्या काळात मोठ्या गेमने त्याच्या पंगतीत बसायचं म्हणजे तेवढेच मागायचे असा जणू रिवाजच होता. वॉरक्राफ्ट २०१० च्या शेवटी १.२ कोटी सबस्क्रायबरवर होता, तो आकडा बघून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. ईएचे तेव्हाचे प्रमुख जॉन रिचिटेलो यांनी लॉन्चच्या आधीच गुंतवणूकदारांना सांगून ठेवलं होतं की पाच लाख सबस्क्रायबर असले तरी गेम चांगला नफ्यात असेल, फक्त घरी पत्र लिहून कळवण्याइतकं मोठं काही ते नसेल. हा पाच लाखांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे येतो परत.

सुरुवात तर दणक्यात झाली. तीन दिवसांत दहा लाख लोक. १ फेब्रुवारी २०१२ ला ईएने सांगितलं की वीस लाखांच्या वर प्रती विकल्या आणि १७ लाख चालू सबस्क्रायबर आहेत. मे महिन्यात आकडा आला १३ लाख. जुलैअखेर सांगितलं की दहा लाखांच्या खाली गेलोय पण पाच लाखांच्या बऱ्यापैकी वर आहोत. सात महिने. एवढ्या खर्चाचा गेम सात महिन्यांत रिचिटेलोंच्या त्या आकड्याकडे घसरत निघाला.

मधल्या काळात थोपवायचे प्रयत्न झाले, नाही असं नाही. एप्रिलमध्ये लेव्हल ५० ला पोचलेल्यांना ३० दिवस मोफत दिले, तर ज्यांची लेव्हल कमी होती ते चिडले, की आम्ही काय कमी पैसे भरतो का, मग ती सवलत वाढवावी लागली. जुलैमध्ये लेव्हल १५ पर्यंत फुकट खेळून बघा अशी ट्रायल काढली. मे मध्ये ऑस्टिनला नोकरकपात झाली होती. आणि सर्व्हर: लॉन्चच्या वेळी रांगा लागू नयेत म्हणून दोनशेच्या वर सर्व्हर उघडले होते, ते नंतर ओस पडले, आणि जूनपासून लोकांना हलवून हलवून वीसच्या आसपास आणले. हे सर्व्हरचं प्रकरण मला सबस्क्रायबरच्या आकड्यापेक्षा जास्त बोलकं वाटतं. ऑनलाइन गेममध्ये दुसरा माणूस हाच अर्धा माल असतो. तुम्ही मोठ्या स्टेशनवर उभे आहात आणि आजूबाजूला सहा जण, चार जणांनी मिळून करायची मोहीम, म्हणजे फ्लॅशपॉइंट, तो करायला एक तास चॅटमध्ये ओरडताय, त्यात ग्रुप शोधून देणारं टूल लॉन्चला नव्हतंच, ते आलं २६ जूनला १.३ पॅचमध्ये. तोपर्यंत ज्यांना कंटाळून जायचं ते गेले होते. एक गेला की त्याच्या गिल्डमधले, म्हणजे टोळीतले, तिघे जातात, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

लोक का गेले, खरं कारण

जुलै २०१२ ला फुकट व्हायची घोषणा करताना कंपनीने कारण दिलं की सोडून जाणाऱ्यांपैकी ४० टक्के लोक सांगतात की महिन्याची फी नको वाटते, आणि त्यातले बरेच जण म्हणतात की फुकट असेल तर परत येऊ. आकडा खोटा नसेल. पण "फी नको वाटते" या उत्तराचा अर्थ मी जरा वेगळा लावतो. पहिल्या महिन्यात याच लोकांना ती फी चालत होती ना? १५ डॉलर तेव्हाही १५ डॉलरच होते. मग तिसऱ्या चौथ्या महिन्यात ते का खुपायला लागले?

कारण कथा संपली. बस.

सबस्क्रिप्शन म्हणजे खरं तर पुढच्या महिन्याचे पैसे. मागचं बनवलं त्याचे पैसे तुम्ही डबा घेतानाच दिलेत. दर महिन्याला कार्डावरून जे जातं ते या भरवशावर, की अजून काहीतरी येतंय किंवा जे आहे ते पुन्हा पुन्हा करायला मजा येतेय. वॉरक्राफ्टमध्ये लोक तोच रेड, म्हणजे मोठ्या गटाने करायची अवघड मोहीम, तीन महिने करायचे कारण मुळात तो गेम पुन्हा पुन्हा करण्यावरच उभा होता. ओल्ड रिपब्लिकचा जीव कशात, तर संवादात, निवडीत, तुझ्या इम्पीरियल एजंटचं पुढे काय होतं यात. आणि कथा दुसऱ्यांदा ऐकताना माणूस स्पेसबार दाबत सुटतो. एक क्लास संपला की दुसरा घ्या, क्लासची कथा नवी पण ग्रहांवरचे बाकीचे क्वेस्ट तेच, आणि तिसऱ्या वेळी ते अक्षरशः नको होतात. वरून रेड करणाऱ्यांसाठी सुरुवातीला दोन ऑपरेशन्स (इथल्या रेडचं नाव), तिसरं एप्रिलमध्ये, यावर किती दिवस काढणार.

म्हणजे काय झालं, की सगळ्यात महाग गोष्ट बनवायला वर्षं लागतात आणि संपायला आठवडे. लेखक, भाषांतर, आवाज, अॅनिमेशन, तीन भाषांत रेकॉर्डिंग, प्रत्येक निवडीच्या फांद्या वेगळ्या, आणि स्त्री पात्र पुरुष पात्र दोघांचे आवाज वेगळे. या वेगाने कोणताच स्टुडिओ दर महिन्याला १५ डॉलरइतकं नवं देऊ शकत नाही, कितीही माणसं लावा. फी हा आजार नव्हता, फी हा ताप होता, आजार वेगळाच. हे मी आता एवढ्या वर्षांनी आरामात बसून म्हणतोय हे मान्य.

आणि बाहेरची हवाही वाईट होती. ऑगस्टअखेर 'गिल्ड वॉर्स २' येत होता, डबा घ्या आणि महिन्याला काही नाही. सप्टेंबरमध्ये वॉरक्राफ्टचा पांडारिया हा नवा भाग. टर्बाइन या कंपनीने २००९ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन' आणि २०१० मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन' फुकट करून दाखवला होता आणि दुसऱ्याचं उत्पन्न तिप्पट झालं असं कंपनीने जाहीर केलं होतं. 'डीसी युनिव्हर्स' नोव्हेंबर २०११ मध्ये, 'स्टार ट्रेक ऑनलाइन' जानेवारी २०१२ मध्ये, एकामागोमाग एक सगळे त्याच दाराने चालले होते. तरी फुकट झालं म्हणजे वाचलं असं मात्र नाही. 'सिटी ऑफ हीरोज' सप्टेंबर २०११ मध्ये फुकट झाला आणि ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद पडला, म्हणजे ओल्ड रिपब्लिकने १५ नोव्हेंबरला फुकटचं दार उघडल्यावर बरोबर पंधरा दिवसांनी.

कुलपं कुठे लावली

आता मुद्द्याचा भाग. दार फुकट केलं की आत काय विकायचं हा प्रश्न येतो, आणि इथे टर्बाइनची नक्कल करता येत नव्हती. टर्बाइनने कंटेंट विकला. हा भाग फुकट, पुढचा डोंगर पार करून जायचं तर तिथल्या क्वेस्टचा पॅक घ्या, नाहीतर खेळून खेळून पॉइंट्स जमवा आणि त्यावर घ्या. तिथे हे जमतं कारण जगाचे तुकडे पाडता येतात. ओल्ड रिपब्लिकमध्ये क्लासची कथा एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर सलग जाते, ती मध्येच तोडून "आता टॅटूईनचे पाच डॉलर" म्हटलं असतं तर माणूस त्याच क्षणी उठून गेला असता. म्हणून कथा अख्खी मोकळी सोडली. ती तशीही बनून तयार होती, तिचा खर्च होऊन गेलेला, आता ती वापरायची गळाला लावायला.

मग पैसे कशाचे? तर गैरसोयीचे. फुकट खेळणाऱ्याला क्विकबार, म्हणजे पात्राच्या कला वापरायच्या बटणांच्या रांगा, दोनच. एका बारवर १२ बटणं, म्हणजे २४, आणि वरच्या लेव्हलला अॅबिलिटी त्याहून जास्त, म्हणजे तुमच्याकडे कला आहे पण दाबायला बटण नाही. क्रेडिट्स, म्हणजे गेममधले पैसे, दोन लाखांच्या वर ठेवता यायचे नाहीत, वरचे एस्क्रो नावाच्या बंद खात्यात जाऊन पडायचे, दिसायचे पण वापरता यायचे नाहीत. जांभळ्या रंगाचं उत्तम गिअर, म्हणजे चिलखत-शस्त्रं, मिळालं तरी घालायचं लायसन्स वेगळं. ऑपरेशन्सना आठवड्याचा पास, वॉरझोनना, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या लढायांना, आठवड्याची मर्यादा. क्रू स्किल, म्हणजे वस्तू गोळा करायचं-बनवायचं कसब, एकच. नावाखाली टायटल दाखवायचंय? पैसे. आणि ते हेल्मेट.

क्विकबारवरून इतका आरडाओरडा झाला की थोड्याच दिवसांत दोनाचे चार केले. तो निर्णय मागे घेतला हे बरंच झालं, कारण ती एक चूक बाकी सगळ्यांपेक्षा वेगळ्या जातीची होती. क्रेडिट्सची मर्यादा लेव्हल ४० च्या पुढे टोचते, तोपर्यंत माणूस कथेत अडकलेला असतो. ऑपरेशनचा पास ज्याला लागतो तो तसाही गंभीर खेळाडू, तो सबस्क्रिप्शन घेईलच. पण बटणंच न देणं म्हणजे लढाईच मोडणं, आणि लढाई तर पहिल्या दिवसापासून असते. पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि ताट द्यायचं नाही असला प्रकार.

मधली एक पायरी मात्र हुशारीने ठेवली होती, तिचं नाव प्रिफर्ड. पूर्वी कधी सबस्क्रिप्शन घेतलं असेल किंवा एकदा पाच डॉलरचे कार्टेल कॉइन्स, म्हणजे गेमच्या दुकानातलं चलन, घेतले तर कायमचे प्रिफर्ड, क्रेडिट्सची मर्यादा तेव्हा साडेतीन लाख, पात्रं जास्त ठेवता यायची, बटणांच्या रांगा जास्त. ही पायरी दोन माणसांसाठी होती. एक तो ज्याने आजवर एक पैसा दिला नाही, कारण पहिला पैसा खिशातून काढायला लावणं सगळ्यात अवघड, नंतरचे निघतात. आणि दुसरा तो जुना सबस्क्रायबर, जो मार्चमध्ये रागावून गेला होता, तो परत लॉगिन करतो तर अगदीच भिकाऱ्यासारखी वागणूक मिळू नये.

आणि सबस्क्रिप्शन बंद झालंच नाही, हे फार लोक विसरतात. १५ डॉलर भरणाऱ्याला सगळं उघडं, वर महिन्याला ५०० कार्टेल कॉइन्स. पूर्वी ती फी म्हणजे आत यायचं तिकीट होतं, आता ती झाली वैताग बंद करायची फी.

खरा पैसा दुकानात

कार्टेल मार्केट हे दुकान फुकट आवृत्तीबरोबरच उघडलं. कपडे, स्पीडर म्हणजे उडत्या गाड्या, पाळीव प्राणी, लाइटसेबरच्या क्रिस्टलचे रंग, एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण वाढवणारे बूस्ट. आणि पॅक. पॅक म्हणजे बंद पाकीट, आत काय निघेल ते नशीब, आज ज्याला आपण लूट बॉक्स म्हणतो तेच, फक्त तेव्हा त्यावर एवढा गदारोळ व्हायचा होता.

यातली एक चलाखी मला खरंच आवडते, म्हणजे कौतुक करावं की शिवी द्यावी ते कळत नाही. पॅकमधून निघालेली वस्तू थोडा वेळ तुमच्याकडे बांधलेली राहायची, मग ती गॅलॅक्टिक ट्रेड नेटवर्कवर, म्हणजे गेममधल्या बाजारात, क्रेडिट्सना विकता यायची. हेल्मेट लपवायचं अनलॉकसुद्धा. म्हणजे ज्याच्याकडे डॉलर आहेत आणि वेळ नाही तो कॉइन्स घेतो, वस्तू विकतो, क्रेडिट्सनी श्रीमंत होतो. ज्याच्याकडे वेळ आहे आणि डॉलर नाहीत तो ग्राइंड करतो, म्हणजे तेच तेच खेळून क्रेडिट्स जमवतो, आणि तीच वस्तू क्रेडिट्सना घेतो. दोघेही खूश, आणि कंपनीला वस्तूचे पैसे मिळालेलेच. फक्त एक मेख: फुकटवाल्याच्या खिशात तेव्हा दोन लाखच मावायचे आणि चांगली वस्तू त्याहून महाग. म्हणजे बाजार सगळ्यांना उघडा पण पिशवी लहान. पिशवी मोठी करायची तर पाच डॉलर द्या नाहीतर सबस्क्रिप्शन घ्या. ती क्रेडिट्सची मर्यादा नुसती छळायला ठेवलेली नव्हती, अख्ख्या रचनेची खिळी तीच होती.

फुकट खेळणारा यात कोणाच्या उपयोगाचा, असं विचारतात लोक. अहो तोच तर प्रेक्षक. झगमगता स्पीडर घेऊन फ्लीटवर, म्हणजे सगळे जमतात त्या स्टेशनवर, उभं राहायला बघणारे नकोत का? ग्रुपच्या रांगेत चौथा माणूस कोण? बाजारात गिऱ्हाईक कोण? त्याने पैसे दिले नाहीत तरी ज्याने दिले त्याच्या पैशाला अर्थ त्याच्यामुळे येतो.

मे २०१३ मध्ये ईएने जे सांगितलं ते असं: फुकट झाल्यापासून १७ लाख नवे खेळाडू, महिन्याचं सरासरी उत्पन्न दुपटीहून जास्त, आणि सबस्क्रायबर पाच लाखांच्या जरासे खाली स्थिरावलेत. तोच पाच लाखांचा आकडा, बघा. रिचिटेलोंच्या हिशोबात जो तळ होता तिथेच गेम येऊन टेकला होता, पण आता त्याला दुसरा पाय फुटलेला. रिचिटेलो स्वतः तोवर पायउतार झाले होते, आणि बायोवेअरचे दोन संस्थापक डॉक्टर, रे मुझिका आणि ग्रेग झेश्चुक, यांनी सप्टेंबर २०१२ मध्येच निवृत्ती जाहीर केली होती.

मग पुढे

आता इथे "आणि गेम वाचला" म्हणून थांबता आलं असतं. वाचला हे खरंच आहे. पण मूळ आजार होता तो कुठे गेला? कथा बनवायला अजूनही तितकाच वेळ आणि पैसा लागत होता, आणि आता तर उत्पन्न येत होतं कपड्यांतून. एक नवा पोशाख बनवायला किती लोक लागतात आणि आठ क्लासच्या आठ कथांचा पुढचा भाग बनवायला किती, याची तुलना कोणीही करेल. एप्रिल २०१३ मधल्या 'राइज ऑफ द हट कार्टेल' या नव्या भागामध्येच आठ वेगळ्या क्लास कथा नव्हत्या, प्रत्येक बाजूला एक सामायिक कथा, आणि नंतर वेगळ्या क्लास कथा तशा पूर्ण स्वरूपात परत आल्याच नाहीत. ज्या गोष्टीमुळे लोक या गेमच्या प्रेमात पडले तीच फुकट वाटली गेली आणि तिची पुढची आवृत्ती परवडेनाशी झाली.

ऑक्टोबर २०१५ मध्ये 'नाइट्स ऑफ द फॉलन एम्पायर' आलं तेव्हा परत चाक फिरवलं. हे एक्स्पान्शन, म्हणजे गेमचा नवा भाग, सुटं विकलंच नाही, फक्त सबस्क्रिप्शनबरोबर. एक महिना भरा, त्या दिवसापर्यंतचं सगळं कायमचं तुमचं. नऊ चॅप्टर एकदम, मग २०१६ मध्ये फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत महिन्याला एक, म्हणजे मालिका चालवतात तसं, आणि लोकांनी भरणं चालू ठेवावं म्हणून त्या त्या तारखेला सबस्क्राइब असणाऱ्यांना बक्षिसं. कथेसाठी आलेले सुखावले, आणि रेड करणारे गिल्ड मात्र कोरडे, कारण त्या सगळ्या काळात एकही नवं ऑपरेशन नाही, ते आलं २०१७ मध्ये. मला स्वतःला ही रचना २०१२ पेक्षा प्रामाणिक वाटते, निदान कथेचे पैसे कथेसाठी घेतले. पण माणूस हुशार असतो. एक महिना भरायचे, सगळे चॅप्टर एका दमात संपवायचे, आणि प्रिफर्ड होऊन निघून जायचं. २०१२ च्या मार्चमध्ये लोकांनी नेमकं हेच केलं होतं. फरक इतकाच, की तेव्हा गेलेल्याचं खातं बंद पडायचं, आता ते उघडं राहतं आणि दीड वर्षाने नवं काही आलं की तो परत एक महिना भरतो.

ज्यांना वाटतं की फुकट करणं म्हणजे हमखास इलाज, त्यांनी 'वाइल्डस्टार' बघावा. जून २०१४ मध्ये सबस्क्रिप्शनवर आला, सप्टेंबर २०१५ मध्ये फुकट झाला, नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद. त्याच्याकडे गळाला लावायला दोन लाख ओळींची कथा नव्हती, कठीण रेड होते, आणि कठीण रेड फुकट दिले म्हणून कोणी धावत येत नाही.

ओल्ड रिपब्लिकच्या आयुष्यभराच्या कमाईबद्दल ईएने २०१९ मध्ये सांगितलं की ती १०० कोटी डॉलरच्या जवळ पोचली आहे. त्याच वर्षी 'ऑनस्लॉट' या नव्या एक्स्पान्शनबरोबर आधीची दोन एक्स्पान्शन फुकटवाल्यांना देऊन टाकली, लेव्हल ६० पर्यंत, म्हणजे जुनी कथा परत गळाला, तीच युक्ती सात वर्षांनी. जुलै २०२० मध्ये गेम स्टीमवर आला. २०२३ मध्ये बायोवेअरने तो ब्रॉडसोर्ड नावाच्या छोट्या स्टुडिओकडे सोपवला, जो जुने ऑनलाइन गेम चालवण्याचंच काम करतो, टीममधले बरेच लोक गेमबरोबर तिकडे गेले, आणि त्या हस्तांतराच्या वेळीही सबस्क्रिप्शन १४.९९ डॉलरच होतं, २०११ च्या डिसेंबरमध्ये होतं तेवढंच, वर महिन्याला ५०० कॉइन्स परत.